एसटीतली राखीव जागा

(दृश्य : सांगोला बसस्थानक. सकाळची वेळ. लाल गाडी फलाटाला लागते आहे.)

एसटीत चढलं की एका बाकाच्या वर रंगवलेली अक्षरं दिसतात. आमदारांसाठी राखीव. ती आपण सगळ्यांनी वाचलीत. पण त्या जागेवर आमदार बसलेला किती जणांनी पाहिलाय?

सांगोल्यानं पाहिलाय. वर्षानुवर्षं पाहिलाय.

भाई गणपतराव देशमुख. तालुक्याचे आबासाहेब.

जन्म मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा, शिक्षण वकिलीचं. 1962 साली शेतकरी कामगार पक्षाकडून सांगोल्यातून ते पहिल्यांदा विधानसभेत गेले. शेवटचे निवडून आले 2014 साली. एक तालुका, एक पक्ष, 11 विजय.

(दृश्य : माण नदीचं कोरडं पात्र. वाळू. काठावर बाभळी.)

ही माण नदी. वर्षातले कितीतरी महिने ती अशीच असते. हा सगळा पट्टा पर्जन्यछायेतला. पाऊस पश्चिमेला डोंगरावर रिकामा होतो आणि इथं नुसते ढग येतात. इथल्या माणसाला पाण्याचा हिशेब शिकवावा लागत नाही. विहिरीत किती परस, म्हणजे किती माणूस खोल, पाणी उरलंय, हे घरातलं लहान पोरही सांगतं.

1972 साली आबासाहेब निवडणूक हरले. त्याच वर्षी महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. शेतकरी खडी फोडायला गेले, पाझर तलावांवर माती वाहायला गेले. त्या दिवसांच्या रेट्यातून रोजगार हमीचा कायदा आला. 1974 च्या पोटनिवडणुकीत आबासाहेब परत आमदार झाले.

1990 मध्ये फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली गेली. आपल्याच रानात खड्डे घ्यायचे, रोपं लावायची आणि त्याची मजुरी सरकारकडून घ्यायची. कमी पाण्यावर तगणारं डाळिंब माळरानावर आलं आणि सांगोल्याचं नाव बाजारात गेलं. 1999 साली याच रोजगार हमीचं खातं आबासाहेबांकडे आलं. त्याआधी 1978 च्या सरकारातही ते मंत्री होते. बाकीची जवळपास सगळी कारकीर्द विरोधी बाकावर.

कापूस न पिकणाऱ्या या तालुक्यात त्यांनी सहकारी सूतगिरणी उभी केली आणि चालवून दाखवली.

पण ध्यास पाण्याचा. कृष्णेचं पाणी कऱ्हाडजवळच्या टेंभूपासून पंपांनी उचलायचं, टप्प्याटप्प्यानं चढवायचं आणि दुष्काळी तालुक्यांत आणायचं. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी आणि आबासाहेब यांनी 13 दुष्काळी तालुक्यांची माणसं आटपाडीच्या पाणी परिषदेत एकत्र आणली. मागणी साधी होती : पाणी समन्यायी वाटा. कालव्याच्या कडेला ज्याचं रान, त्यालाच पाणी, असं चालणार नाही. विधानसभेत पक्षाचे चार-दोन आमदार असताना असा विषय जिवंत ठेवायचा म्हणजे प्रश्न, लक्षवेधी, अर्थसंकल्पावरचं भाषण, एकही संधी सोडायची नाही. मुंबईत हे करायचं आणि परत येऊन गावोगाव लोकांना हिशेब द्यायचा.

11 या आकड्याचं कौतुक खूप झालं. मला त्यांच्या कारकिर्दीतली 1995 नंतरची चार वर्षं जास्त मोलाची वाटतात. त्या निवडणुकीत आबासाहेब 192 मतांनी पडले. एवढी मतं तर एखाद्या वाडीवर असतात. वय सत्तरीकडे झुकलेलं, पक्ष आटत चाललेला. पक्ष बदलला असता तर त्या काळात कुणाला नवलही वाटलं नसतं. त्यांनी बदलला नाही. 1999 साली त्याच पक्षाकडून, त्याच तालुक्यानं त्यांना पुन्हा निवडून दिलं. पुढं सलग आणखी तीन वेळा दिलं.

2019 ला ते स्वतः उभे राहिले नाहीत. नातू उभा राहिला आणि 768 मतांनी पडला. 30 जुलै 2021 रोजी सोलापुरात आबासाहेब गेले. 2024 साली दुसरा नातू, डॉ. बाबासाहेब देशमुख, शेतकरी कामगार पक्षाकडूनच सांगोल्याचा आमदार झाला.

(दृश्य : माण नदीवरचा बंधारा. पाण्याची धार वाळूतून पुढं सरकते आहे.)

टेंभूचं पाणी माणेत सोडलं की काठावरची माणसं बंधाऱ्यावर येतात. फळ्या नीट बसल्यात का, पाणी कुठवर चढलं, बघत उभी राहतात.