प्लगची रांग

आज स्पार्क प्लग, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पाडून इंधन पेटवणारा भाग, बघून इंजिनाचा आजार कसा ओळखायचा ते सांगतो. आधी एक खुलासा करतो. ट्रक म्हटलं की डिझेल इंजिन डोळ्यांसमोर येतं, आणि डिझेलमध्ये स्पार्क प्लग नसतोच. तिथे दाबाने तापलेल्या हवेतच इंधन पेट घेतं. तेव्हा डिझेलवाल्यांनी आज नुसतं ऐकावं. मी बोलणार आहे ते जुन्या पेट्रोल ट्रकांबद्दल. हवेत पेट्रोल मिसळणारा कार्बुरेटर, सिलिंडरांवरचं लोखंडी झाकण म्हणजे हेड, एका ओळीत सहा सिलिंडर किंवा मग व्ही-८, म्हणजे व्ही आकारात आठ. फोर्डचं ३०० घनइंची सिक्स १९६५ मध्ये आलं आणि १९९६ पर्यंत बनत राहिलं. त्या जातीची इंजिनं घ्या.

इथे टेबलावर अशाच एका इंजिनाचे सहा प्लग मांडलेत. प्रत्येकाखाली सिलिंडरचा नंबर आहे, आणि तो नंबर प्लगच्या रंगापेक्षा महत्त्वाचा. नंबर न टाकता काढलेले सहा प्लग म्हणजे पिसलेले पत्ते. आजार दिसतो, पण आजारी कोण ते कळत नाही. म्हणून इंजिन गार होऊ द्या, प्लगभोवतीची माती हवेने उडवा (नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये जाते), आणि एकेक प्लग काढून क्रमाने ठेवा.

लोक काय करतात? एक प्लग काढतात, जो सहज हाताला येतो तो, रंग बघतात आणि कार्बुरेटरचे स्क्रू फिरवायला लागतात. माझा सगळा आक्षेप याच गोष्टीला आहे. सुटा प्लग फार थोडं सांगतो. सहाही सारखे काळे असतील तर दोष सगळ्यांना सामाईक असलेल्या ठिकाणी शोधायचा: चोक (गार इंजिनासाठी हवा कमी करणारी झडप) अडकलाय, एअर क्लीनर तुंबलाय, कार्बुरेटरमधल्या फ्लोटची (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी चढलीय, ठिणगीला वीज पुरवणारी कॉईल कमजोर झालीय. पाच ठीक आणि एकच वेगळा असेल तर कार्बुरेटरला हात लावू नका; दोष त्या सिलिंडरचा किंवा त्याच्या वायरचा आहे. आणि शेजारशेजारचे दोन बिघडलेले दिसले, की दोन सिलिंडरांच्या मधल्या पट्टीवर हेड गॅस्केट (हेडखालचा गळती रोखणारा थर) गेलंय का, हा पहिला संशय. दोन्हींचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) कमी भरलं तर संशय जवळजवळ पक्का.

एका ओळीतल्या सिक्सची एक खोड मात्र लक्षात ठेवायला हवी. कार्बुरेटर एकच आणि तो मधोमध. त्यामुळे तीन आणि चार नंबरला मिश्रण जरा रिच (पेट्रोल जास्त) मिळतं, टोकाच्या एक आणि सहाला जरा लीन (पेट्रोल कमी). मधले दोन किंचित गडद आणि टोकाचे फिकट दिसले तर तो रोग नव्हे, मॅनिफोल्डची, म्हणजे मिश्रण वाटणाऱ्या नळ्यांची, ठेवण आहे.

आता रंगाकडे. प्लगचं नाक, म्हणजे आतल्या बाजूचं ते पांढरं पोर्सिलेन, साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की स्वतःवरचा कार्बन स्वतःच जाळून टाकतं. ८५० च्या पलीकडे गेलं तर धोका. आणखी तापलं तर ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं. या दोन आकड्यांच्या मध्ये चालणाऱ्या प्लगवर फिकट तपकिरी किंवा राखाडी छटा येते. पण जुन्या तक्त्यांतला तो छान बदामी रंग शिसं असलेल्या पेट्रोलच्या काळातला. बिनशिशाच्या पेट्रोलवर निरोगी प्लगही बराच पांढुरका दिसतो. तो पाहून उगाच कार्बुरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं भोक) मोठा करत बसू नका. त्यात इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या कार्बुरेटरला थोडं लीनच पडतं, तेही हिशेबात धरा.

लीन खरंच झालंय का, हे पोर्सिलेनच्या पोतावरून कळतं. ते चकाकतंय, त्यावर फोड आलेत, इलेक्ट्रोडच्या कडा झिजून गोल झाल्यात, असं असेल तर व्हॅक्यूमची गळती, टायमिंग किंवा कूलिंग तपासा. आणि भिंग घेऊन पाहताना पोर्सिलेनवर अॅल्युमिनियमचे बारीक चकचकीत कण दिसले, तर गाडी तिथेच थांबवा. तो पिस्टनचा माल आहे, नॉकिंगने, म्हणजे मिश्रण अवेळी भडकून बसणाऱ्या ठोक्यांनी, उडालेला.

हा पाच नंबरचा प्लग जवळ घेऊन बघा. काळा आहे, पण कोरडा नाही. बोट लावलं तर चिकट लागतं. कोरडी काजळी पुसली जाते, ती इंधनाची. ही ओली काळी चकाकी ऑइलची. आता नीट बघा: थर एकाच बाजूला जाड आहे. प्लग बसवलेला असताना ती बाजू इनटेक व्हॉल्व्हकडे होती. म्हणजे ऑइल व्हॉल्व्हच्या दांड्यावरून खाली उतरतंय; दांड्यावरचं रबरी सील कडक झालंय किंवा दांडा ज्या नळीत सरकतो तो गाईड झिजलाय. पिस्टनभोवतीच्या रिंगा गेल्या असत्या तर थर बहुधा सगळीकडून आला असता. चालकाला विचारा, धूर कधी येतो? रात्रभर उभी राहून सकाळी चालू करताना किंवा लांब उतार उतरून पुन्हा अॅक्सिलरेटरवर पाय दिल्यावर भपकन निळा धूर आला, तर सील किंवा गाईड. चढाला सतत येत असेल, तर रिंगा.

तरीही खात्री कॉम्प्रेशन गेजनेच करायची. आकडा कमी आला की प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा चांगला वर चढला तर रिंगा, हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. व्ही-८ मध्ये आणखी एक चोरवाट असते. इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट खालच्या बाजूने सुटलं, तर इंजिनाच्या पोटातली ऑइलची वाफ थेट आत ओढली जाते, आणि बाहेरून गळती कुठेच सापडत नाही.

ऑइल खाणाऱ्या इंजिनाला एक पायरी जास्त गरम प्लग घालतात. गरम म्हणजे लांब नाकाचा, उष्णता सावकाश सोडणारा. मिसिंग (ठिणगी चुकून इंजिन अडखळणं) थांबतं, गाडी चालते. मला त्यात पाप वाटत नाही, पण भरलेल्या गाडीला लांब चढावर तोच प्लग महागात पडू शकतो. आणि प्लगवरचा नंबर बघून घ्या, कारण एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होतो, बॉशमध्ये तोच वाढला की गरम.

रांगेतला सगळ्यात स्वच्छ प्लग कोणता, हेही पाहायचं. बाकी पाच तपकिरी आणि एक धुतल्यासारखा कोरा, आणि रेडिएटरचं पाणीही कमी होतंय? त्या सिलिंडरमध्ये पाणी शिरतंय, वाफेने प्लग धुतला जातोय. याला लोक चांगला प्लग म्हणून बाजूला ठेवतात.

वाचण्याआधी गाडी कशी चालली होती, यालाही महत्त्व आहे. दहा मिनिटं उभ्याने चालू ठेवून काढलेला प्लग त्या दहा मिनिटांचंच सांगतो. लोडवर चालवा, मोकळ्या रस्त्यावर क्लच दाबून इंजिन बंद करा आणि तशीच कडेला घ्या. किल्ली मात्र स्टिअरिंग लॉक होईपर्यंत फिरवू नका, आणि ब्रेकची मदत दोन-तीनदा दाबेपर्यंतच उरते याचं भान ठेवा.

मागून प्रश्न आलाय की, बाहेरच्या पोर्सिलेनवर, पाना लावायच्या षटकोनाच्या लगेच वर, तपकिरी कडं दिसतं. गॅस गळतोय का? नाही. तिथल्या तीव्र विद्युतदाबामुळे हवेतले तेलाचे कण खेचले जाऊन चिकटतात. त्याने काही बिघडत नाही. पण वरच्या टोकापासून षटकोनापर्यंत उभी, बारीक काळी रेघ असेल तर ठिणगी आत न जाता बाहेरूनच पळतेय. तेव्हा प्लग आणि वायरचं रबरी टोपण, दोन्ही बदला. एकच बदललंत तर नव्यावरही तशीच रेघ उमटेल.