खिचडीचा हिशेब

[दृश्य: शाळेचं पटांगण. परिपाठ संपून मुलं वर्गात जातायत.]

मराठवाड्यातली जिल्हा परिषदेची एक शाळा. सकाळचे साडेदहा. वर्गात हजेरी चालू आहे आणि स्वयंपाकघराच्या दारात मावशी उभ्या आहेत, आकड्याची वाट बघत. आज पोरं किती, हे कळल्याशिवाय तांदूळ मोजता येत नाही. पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम, सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम. वर डाळ किंवा कडधान्य, भाजी, थोडं तेल. पातेलं चुलीवर चढतं, मधल्या सुट्टीच्या आधी एक मोठं माणूस चव घेतं, नोंदवहीत लिहितं आणि मग घंटा होते.

[दृश्य: रांगेत बसलेली मुलं, हातात ताटं.]

आपण याला खिचडी म्हणतो. सरकारी कागदावर आधी शालेय पोषण आहार होतं, २०२१ पासून पीएम पोषण आहे. देशभरात ११ कोटींहून अधिक मुलं या योजनेत येतात. एवढी मोठी योजना, पण गावात विचाराल तर कुणीही सांगेल की पोरं शाळेत यावीत म्हणून खिचडी देतात. ते खरंच आहे. पण गेल्या वीस वर्षांत अर्थशास्त्रज्ञांनी या ताटाचा पाठपुरावा केला, तेव्हा त्यांना हजेरीच्या पलीकडचंही बरंच काही सापडलं.

आज चाळिशीकडे आलेल्यांना तीन किलो तांदूळ आठवत असेल. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राने ही योजना सुरू केली, तेव्हा बहुतेक राज्यांत शिजवलेलं अन्न नव्हतंच. महिन्याची हजेरी ८० टक्के भरली की पिशवीतून तांदूळ घरी न्यायचा. घरी गेलेला तांदूळ घरातल्या सगळ्यांचा होतो, आणि ते चूक कसं म्हणणार? पण त्यातला किती त्या मुलाच्या पोटात गेला, हे सांगता येत नाही.

मग २००१ साल आलं. राजस्थानात दुष्काळ होता आणि अन्न महामंडळाची गोदामं धान्याने तुडुंब होती. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. २८ नोव्हेंबर २००१ ला न्यायालयाने आदेश दिला: सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला शिजवलेलं जेवण द्या. किमान ३०० कॅलरी, ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं, वर्षातले किमान २०० दिवस.

आदेश एक होता, पण राज्यांनी तो एकाच दिवशी पाळला नाही. कुणी लगेच चुली पेटवल्या, कुणी वर्षं घालवली. ज्यांचं ताट लांबलं त्या मुलांचं नुकसानच झालं. पण या मागेपुढे होण्यातूनच संशोधकांना तुलना करता आली: साधारण एकाच वयाची मुलं, काहींना जेवण मिळालं, काहींना अजून नाही.

[दृश्य: नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणारा रस्ता, दुतर्फा संत्र्याच्या बागा.]

नागपूरहून उत्तरेला निघालं की सौंसर लागतं, पुढे छिंदवाडा. या पट्ट्यात मराठी बोलणारेही बरेच. मध्य प्रदेशातल्या या जिल्ह्यात फरजाना आफ्रिदी या अर्थशास्त्रज्ञ घरोघरी एकच प्रश्न घेऊन फिरल्या: पोराने गेल्या चोवीस तासांत काय काय खाल्लं? काही घरी विचारलं ते शाळेच्या दिवसाबद्दल, काही घरी सुट्टीच्या दिवसाबद्दल.

शंका अशी होती की गरीब घर हिशेब करणारच. दुपारी शाळेत जेवलास ना, मग रात्री अर्धीच भाकरी. तसं झालं असतं, तर ते जेवण मुलाला मिळालंच नसतं, घराची फक्त भाकरी वाचली असती. पण तसं घडलं नव्हतं. आयांनी घरचं वाढणं फारसं कमी केलं नव्हतं. शाळेतलं ताट मुलाच्या रोजच्या अन्नात भर घालत होतं. त्याच्या आहारातली प्रथिनांची तूट पूर्ण भरून निघाली, कॅलरींची जवळपास ३० टक्के, लोहाची सुमारे १० टक्के. खर्च एका मुलामागे दिवसाला तीन अमेरिकी सेंट, म्हणजे त्या वेळचा दीड रुपयाही नाही. हा निबंध २०१० साली प्रसिद्ध झाला. मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते आयांचं वागणं. गरिबाला दिलं की ते भलतीकडेच जातं, असं म्हणणाऱ्यांनी तेवढं एक पान तरी वाचावं.

[दृश्य: भेगाळलेली जमीन, कोरडी विहीर.]

दुसरा अभ्यास आंध्र प्रदेशातला, तेलंगण वेगळं होण्याआधीचा. अभिजित सिंग, अल्बर्ट पार्क आणि स्टेफान डेरकॉन यांनी २००१-०२ च्या सुमारास जन्मलेल्या मुलांची उंची आणि वजनं तपासली. या मुलांच्या लहानपणी अनेक घरांवर दुष्काळ येऊन गेला होता. दुष्काळात मोठी माणसं एक वेळ उपाशी राहून निभावतात. दोन-तीन वर्षांच्या मुलाची उंची मात्र तिथेच अडते, आणि ती पुढे सहसा भरून निघत नाही असं मानलं जातं. इथे शाळेत जेवणाऱ्या मुलांमध्ये ती घट भरून निघालेली दिसली. ज्या घरांना दुष्काळाचा फटका बसला होता, त्यांच्याच मुलांना फायदा सर्वाधिक झाला होता.

दुष्काळ म्हटला की आपल्याला टँकर, चारा छावणी, रोजगार हमीचं काम आठवतं. खिचडीचं पातेलं त्या यादीत कुणी धरत नाही. ते धरायला हवं.

पुढचं थोडक्यात. २०१९ साली तनिका चक्रवर्ती आणि राजश्री जयरामन यांनी ‘असर’ या, गावातल्या मुलांचं वाचन आणि गणित तपासणाऱ्या सर्वेक्षणाच्या चाचण्या पाहिल्या. पाच वर्षांपर्यंत हे जेवण मिळालेल्या मुलांचे वाचनातले गुण, वर्षभरही न मिळालेल्यांपेक्षा १८ टक्क्यांनी जास्त होते. गणितात ९ टक्क्यांनी.

[दृश्य: अंगणवाडीत उंची मोजण्याची पट्टी, तिला टेकून उभं एक मूल. शेजारी त्याची आई.]

आणि २०२१ चा अभ्यास, ज्यासाठी एक अख्खी पिढी जावी लागली. लहानपणी शाळेत जेवलेल्या मुली मोठ्या झाल्या, त्यांची लग्नं झाली, त्यांना मुलं झाली. सुमन चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी त्या मुलांची उंची पाहिली. जेवण मिळालेल्या आयांची मुलं वयाच्या मानाने अधिक उंच होती. २००६ ते २०१६ या दहा वर्षांत भारतातल्या लहान मुलांच्या उंचीत जी सुधारणा झाली, तिच्यातला १३ ते ३२ टक्के वाटा या जेवणाशी जोडता येतो, असा त्यांचा अंदाज आहे. कारण त्या मुली जास्त शिकल्या, त्यांना पहिलं मूल उशिरा झालं, गरोदरपणात त्या दवाखान्यात गेल्या.

आता खर्चाकडे बघू. मे २०२५ पासून प्राथमिकच्या एका मुलाच्या डाळ, भाजी, तेल, इंधनासाठी दिवसाला ६ रुपये ७८ पैसे ठरलेत. तांदूळ वेगळा. महाराष्ट्रात २०२३ च्या अखेरीस आठवड्याला एक अंडं सुरू झालं होतं. जानेवारी २०२५ मध्ये राज्याने त्याचे पैसे थांबवले आणि शाळांना सांगितलं, लोकसहभागातून बघा. ज्या गावात लोकसहभाग जमेल त्या गावातल्या मुलांना मुळात त्या अंड्याची गरज कमी. मावशींच्या मानधनातला केंद्राने ठरवलेला आकडा २००९ पासून महिना १,००० रुपये आहे, तोही वर्षातले दहाच महिने. राज्य आपल्याकडून भर घालतं, तरी तेवढ्यावर घर चालत नाही.

[दृश्य: मे महिना. शाळेला कुलूप, पातेलं पालथं.]

उन्हाळ्याची सुट्टी लागली. टंचाईचे सगळ्यात कडक आठवडे हेच, आणि याच आठवड्यांत ही चूल विझलेली असते. एप्रिल २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावरही सांगून ठेवलंय: दुष्काळग्रस्त भागात जेवण उन्हाळी सुट्टीतही द्या.

[दृश्य: स्वयंपाकघराचं कुलूप. ते उघडणारा मावशींचा हात.]