दिवा समेवर आला तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

कवितेला चाल कशी लावायची, असं तरुण मंडळी मला नेहमी विचारतात. मी म्हणतो, पेटीला हात लावू नका. आधी कविता मोठ्यानं वाचा. पुन्हा सांगतो, मोठ्यानं वाचा. आणि मोबाइलवरून नको. वहीत स्वतःच्या हातानं उतरवून घ्या. हातानं लिहिलेलं अक्षर लवकर पाठ होतं, असं माझं ठाम मत आहे.

हे मला शिकवलं माझ्या मावशीनं. ती आपल्या बडोद्यातल्या दांडिया बाजारात एका जुन्या वाड्यात राहायची. संसार सांभाळून तिनं वहीभर कविता लिहिल्या, छापायला एकही दिली नाही. त्यातल्या एका कवितेची पहिली ओळ अशी होती: ‘दिवा लाविते मी तुझी वाट पाहे’.

मी पंचविशीत होतो. नवरात्राचे दिवस, गल्लोगल्ली गरबा, तीच लय अंगात भिनलेली. मी त्या ओळीला दादऱ्यात, म्हणजे सहा मात्रांच्या तालात, चाल लावली आणि पेटी घेऊन वाड्यावर गेलो. मावशी झोपाळ्यावर वाती वळत बसली होती. शेवटपर्यंत ऐकलं तिनं. मग म्हणाली, “टपाहे म्हणजे काय रे?”

मला कळेना.

“तू गायलास ना, तुझी वाऽऽ, टपाहे.”

सहा मात्रा भरायच्या म्हणून मी ‘वा’ ताणला होता आणि ‘वाट’ मधोमध तुटली होती.

“अरे, माझी बाई दिवा लावून उंबऱ्याशी बसलीय. तिला गरब्यात कशाला नेलंस? ठेव ती पेटी. नुसतं वाच.”

मी वाचलं. तिनं वाती खाली ठेवल्या आणि झोपाळ्याच्या फळीवर बोटांनी ठेका धरला: लघु, गुरू, गुरू. लघु, गुरू, गुरू. लघु म्हणजे एका मात्रेचं अक्षर, गुरू दोन मात्रांचं. हे तर भुजंगप्रयात वृत्त! पाच-पाच मात्रांचे चार गण, वीस मात्रा, म्हणजे दहा मात्रांच्या झपतालाची बरोबर दोन आवर्तनं. ‘दि’ समेच्या आधी उचलायचा आणि ‘वा’वर सम, म्हणजे तालाच्या फेऱ्याची पहिली मात्रा. पुढच्या आवर्तनात सम येते ‘तुझी’मधल्या ‘झी’वर. म्हणजे एका समेवर दिवा, दुसऱ्या समेवर तो, ज्याची वाट बघायची. आणि ‘वाट’ अख्खी राहते. माझ्या अंगावर काटा आला. चाल तिच्या वहीत आधीपासून होतीच.

आपल्या बडोद्याला गाणं आणि छंद हे दोन्ही मिळालंय. सयाजीरावांच्या काळात 1886 साली गवई मौलाबक्षांनी इथे गायनशाळा सुरू केली. मराठी छंदांवर ‘छंदोरचना’ हा मोठा ग्रंथ लिहिणारे कवी माधव जूलियन 1894 साली इथेच जन्मले. आपल्या मराठीत गुजराती मिसळते म्हणून काही पाहुणे नाक मुरडतात, ते मला मुळीच पटत नाही. आपल्या बोलीचा हेल फार गोड आहे. माझ्या कितीतरी चाली त्या हेलातूनच निघाल्या.

तर आधी वाचा, मोठ्यानं. मात्रा मोजा. शब्द कुठे तुटतो ते बघा. राग नंतर सुचतो.

मावशीची ती कविता आता ऐकवतो. तानपुरा जुळलाय, तबल्यावर झपताल आहे. ‘दि’ समेच्या आधी येईल, तिकडे कान असू द्या.