सिरमच्या बाटलीतलं सिलिकोन

[दृश्य: कुपवाड एमआयडीसी, शेडचं शटर वर जातं]
सांगलीजवळच्या या छोट्या युनिटमध्ये आज १० किलो हेअर सिरम बनणार आहे.

[दृश्य: स्टीलचं भांडं कोरड्या फडक्यानं पुसलं जातं]
हे पुसणं नुसतं टापटिपीसाठी नाही. सिलिकोन आणि पाणी यांचं जमत नाही. तळाशी ओल राहिली की नितळ सिरम गढूळ होतं.

[दृश्य: कॅनमधून पडणारी दाट, अखंड धार]
आधी डायमेथिकोनॉल या दाट सिलिकोनचं तयार मिश्रण, ३.५ किलो. बघा ही धार, मधापेक्षा चिवट. त्यात सायक्लोपेंटासिलॉक्झेन हे पातळ, उडून जाणारं सिलिकोन, ६ किलो. तेही एकदम नाही, थोडं थोडं. ढवळायचं सावकाश, वेग वाढवला की हवा आत शिरते आणि बुडबुडे निघायला तासन्‌तास लागतात. गरम करायची गरजच नाही. सुमारे ७७ अंश सेल्सिअसला या पातळ सिलिकोनची वाफ पेट घेऊ शकते.

चमक यावी म्हणून ४०० ग्रॅम फिनाइल ट्रायमेथिकोन, हेही एक सिलिकोनच. शेवटी ५० ग्रॅम व्हिटॅमिन ई आणि ५० ग्रॅम सुगंध. सुगंध डायप्रोपिलीन ग्लायकॉल या द्रावकात बनवलेला असेल तर तो मिसळत नाही, सगळी बॅच धुरकट होते.

[दृश्य: तळहातावर तीन थेंब, मग ओलसर केस]
पातळ भाग उडून जातो. मागे उरतो तो डायमेथिकोनॉलचा थर. तो केसाच्या उचकटलेल्या खवल्यांवर बसतो, म्हणून कंगवा अडकत नाही. केस दुरुस्त होत नाही, जाहिरात काहीही म्हणो.

‘सिलिकोननं त्वचा गुदमरते’ हे तर सर्रास ऐकू येतं. प्रसाधनांतलं नेहमीचं सिलिकोन म्हणजे डायमेथिकोन. त्याचे रेणू त्वचेत शिरण्याच्या मानानं फार मोठे, आणि थरातून पाण्याची वाफ बाहेर पडत राहते. अमेरिकेत १ ते ३० टक्के डायमेथिकोन त्वचारक्षक औषध म्हणून मान्य आहे. पोटातल्या गॅसवरच्या गोळीतलं सिमेथिकोनही याच कुळातलं.

केस जड, चिपचिपीत वाटले तर थर साचलाय. अमोडायमेथिकोन हे आणखी एक सिलिकोन खराब केसांना जास्त घट्ट धरतं. सल्फेटवाल्या शाम्पूनं एकदा धुवावं.

[दृश्य: न्हाणीघराची मोरी]
सायक्लोपेंटासिलॉक्झेन निसर्गात लवकर विघटित होत नाही. धुऊन टाकायच्या प्रसाधनांत युरोपीय संघानं २०२० पासून त्यावर ०.१ टक्क्याची मर्यादा घातली आहे, आणि सिरमसारख्या न धुतल्या जाणाऱ्या प्रसाधनांसाठी ती जून २०२७ पासून.

[दृश्य: नमुन्याची काचेची नळी उजेडासमोर]
बॅच रात्रभर झाकून ठेवतात. सकाळी नमुना नितळ दिसला, तरच बाटल्या भरायला घेतात.