एकोणचाळीस मिनिटं

मंडळी, दिवसभर कोड लिहिणारी माणसं घरी गेल्यावर काय वाचतात, यावर बोला असं मला संयोजकांनी सांगितलं. मी आज एकाच फाइलबद्दल बोलणार आहे.

तिच्याशी माझी गाठ पडली एका बगमुळे. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांच्या नोंदी आम्ही जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीत हलवत होतो. हजारो जन्मतारखा नीट आल्या, पण काही एक दिवस मागे सरकल्या. ५ फेब्रुवारीला जन्मलेल्या आजी ४ फेब्रुवारीच्या झाल्या. चुकलेल्या तारखा एकत्र लावल्या, तर सगळ्या १९४१ ते १९४५ मधल्या! महायुद्धाच्या त्या वर्षांत बराच काळ भारतातली घड्याळं तासभर पुढे केलेली होती. ग्रिनिचपेक्षा साडेपाच नव्हे, साडेसहा तास पुढे. जुन्या प्रणालीनं जन्मदिवसाची रात्री बाराची वेळ ग्रिनिचच्या वेळेत साठवताना साडेसहा तास वजा केले होते, नवी मात्र ती परत भारतीय वेळेत आणताना सरसकट साडेपाचच मिळवत होती. त्यामुळे रात्रीच्या बाराचे अकरा वाजले, आणि अकरा म्हणजे आदला दिवस.

बग तासाभरात दुरुस्त झाला. पण युद्धातलं हे घड्याळ जुन्या प्रणालीला सांगितलं कुणी, हा प्रश्न डोक्यातून जाईना. त्या रात्री घरी शोधत बसलो आणि टाइम झोन डेटाबेसपर्यंत पोहोचलो. जगात कुठे, केव्हा, घड्याळं किती पुढे-मागे होती याची ही नोंद, आणि मी म्हणतो ती फाइल हीच. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात तो सुरू केला. त्यांची नोकरी अमेरिकेतल्या सरकारी कर्करोग संशोधन संस्थेत होती. पुढे पॉल एगर्ट यांनी तो सांभाळला. जगभरची माणसं आपल्या फावल्या वेळात त्याला माहिती पुरवतात. तुमच्या खिशातला फोन, अँड्रॉइड असो की आयफोन, वेळ दाखवताना याच माहितीवर विसंबतो.

ही साधी मजकुराची फाइल आहे, कुणालाही उघडता येते. त्यात हॅश (#) चिन्हानं सुरू होणाऱ्या ओळी यंत्र वाचत नाही. त्या माणसांसाठी आहेत, आणि खरा खजिना तिथेच आहे. कुणी जुन्या वर्तमानपत्रातला उतारा दिला आहे, कुणी सरकारी आदेशाचा दाखला, कुणी दुसऱ्याचं म्हणणं खोडून काढलं आहे. सामोआनं २०११ साली ३० डिसेंबर हा अख्खा शुक्रवार कॅलेंडरमधून गाळला, तेही त्यात आहे. मार्च २०२३ मध्ये लेबनॉनच्या सरकारनं घड्याळं पुढे करायचा दिवस रमझानमुळे लांबवला, तोही अवघे दोन-तीन दिवस आधी सांगून. स्वयंसेवकांनी धावपळ करून नवी आवृत्ती काढली. तिकडे लेबनॉनमध्ये अनेकांनी तो निर्णय मानलाच नाही, एकाच गावात दोन वेळा चालू झाल्या, सरकारनं माघार घेतली आणि आठवड्याच्या आत आणखी एक आवृत्ती काढून सगळं पूर्ववत करावं लागलं. या जागरणाचे पैसे त्यांना कुणी देत नाही. मला त्या माणसांविषयी फार आदर वाटतो.

२०११ मध्ये तर ज्योतिषाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका अमेरिकन कंपनीनं ओल्सन आणि एगर्ट यांच्यावर खटलाच भरला. जुन्या वेळांची माहिती आमच्या पुस्तकातली आहे, असा दावा होता. काही महिन्यांत तो मागे घेतला गेला. जन्मवेळ आणि कुंडली यांचं नातं आपल्याला काही वेगळं सांगायला नको.

आता आपल्या घरची गोष्ट. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्यापेक्षा एकोणचाळीस मिनिटं मागे होती, आणि शहर ती सोडायला तयार नव्हतं. त्याच महिन्यात हजारो गिरणी कामगारांनी दंगा केला. महापालिकेनं पुढे चाळीसहून अधिक वर्षं मुंबईची वेळ चालू ठेवली. हा घड्याळांचा झगडा त्या फाइलमध्ये हॅशच्या ओळींत आहे. यंत्रानं वाचायच्या ओळींत मात्र नाही! नियम असा की १९७० नंतर ज्या शहराचं घड्याळ वेगळं चाललं त्यालाच स्वतंत्र नोंद मिळते. म्हणून भारताची सगळी वेळ कोलकात्याच्या नावावर आहे, आणि तिच्यात १९०६ नंतरची मुंबई नाही. नियम मला पटतो, कुठेतरी रेघ ओढावीच लागते. तरी १९३० साली परळला जन्मलेल्या माणसाची जन्मवेळ संगणकात घातली की एकोणचाळीस मिनिटांची चूक होऊ शकते, आणि ते मला सलतं.

तुमच्यातल्या तरुण डेव्हलपरना एक काम सुचवतो. १९०६ साली 'केसरी' निघत होता, मुंबईत इतरही मराठी पत्रं होती. गिरणीचा भोंगा कुठल्या वेळेनं वाजे, कचेऱ्या कुठल्या वेळेनं उघडत, हे त्या अंकांत शोधायला हवं. इंग्रजी कागद पुष्कळांनी चाळलेत. मराठी वाचणारा माणूस त्या कामाला हवा आहे, आणि तो या सभागृहात बसलेला आहे. फाइल मी इथे लॅपटॉपवर उघडून ठेवली आहे. ज्यांना बघायची आहे त्यांनी पुढे या.