काळ्या मातीतलं सिनेगॉग

गाडीच्या चाकाला चिकटलेली ही माती बघा. आम्हाला तर थेट मराठवाडाच आठवला, तशीच काळी, तशीच चिकट, पाऊस पडला की पाय सोडत नाही. पण हे अर्जेंटिना आहे, एन्त्रे रिओस प्रांत, म्हणजे पराना आणि उरुग्वे या दोन नद्यांमधला दोआब. रात्री पाऊस झाला म्हणून गाडी मागेच ठेवून आम्ही चालत निघालो, त्यामुळे तुम्हालाही हा रस्ता आमच्याच पायांनी दिसतोय.

आणि हे आलं. शेताच्या मधोमध, विटांचं, वर पत्रा. सिनेगॉग, म्हणजे ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ. आजूबाजूला एक घर नाही. चावी पलीकडच्या वस्तीवरच्या आजींकडे असते, त्या चिखल तुडवत आल्या आणि आधी खिडक्या उघडल्या. हा उजेड त्या खिडक्यांमधला.

इथं प्रार्थना करणारे लोक शेतकरी होते. रशियन साम्राज्यात ज्यूंना खेड्यात नव्यानं राहायला 1882 च्या कायद्यांनी बंदी घातली, जमीन घेणं तर बहुतेकांना शक्यच नव्हतं, वर दंगली, जाळपोळ. रेल्वेच्या धंद्यात श्रीमंत झालेल्या बॅरन मॉरिस दे हिर्शचा एकुलता एक मुलगा ल्युसिएन 1887 ला गेला. 1891 मध्ये हिर्शनं या ज्यूंना तिथून बाहेर आणून शेतीवर वसवायला ज्यूईश कॉलनायझेशन असोसिएशन काढली आणि पुढे या संस्थेकडे एकट्या अर्जेंटिनात 6 लाख हेक्टरच्या वर जमीन झाली. इथल्या वसाहतींची नावं बघा, कोलोनिया क्लारा बायकोच्या नावाची, ल्युसिएनविल मुलाच्या. जमीन फुकट मात्र नव्हती, हप्त्यांनी फेडायची होती. शिंपी, दुकानदार, शिकवणारे, ज्यांनी कधी नांगर धरला नव्हता त्यांना तो धरायला शेजारच्या गाउचोंनी, म्हणजे इथल्या घोड्यावरच्या गुराख्यांनी शिकवलं, गहू लावला, जवस लावला, आणि टोळधाड आली की सगळं घर डबे वाजवत शेतात.

आता हे कागद नीट बघा, आम्ही मुद्दाम कॅमेरा इथं थांबवलाय. विया दोमिंगेस या गावच्या म्युझियममधले हे कागद, यिडिश म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा, रशियन, स्पॅनिश, सगळं एकाच कपाटात. पीक हातात यायच्या आधीच व्यापारी पडेल भावात उचलायचा, गव्हाची पोती भरायला बारदानसुद्धा उधारीवर. म्हणून 1900 मध्ये ल्युसिएनविलला शेतकऱ्यांनी सोसायटी काढली, देशातल्या अगदी सुरुवातीच्या शेतकी सोसायट्यांपैकी एक. 1904 मध्ये दोमिंगेसला फोंदो कोमुनाल उभी राहिली, बियाणं, अवजारं, बारदान एकत्र घ्यायचं आणि गहू एकत्र विकायचा. त्याच वर्षी आपल्याकडे सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला! ती सोसायटी वर्षानुवर्षं सांभाळणारे मिगेल साहारोफ शिकून आलेले कृषितज्ज्ञ, आणि या पाटीवर त्यांचंच नाव आहे, अख्ख्या गावाला त्यांचं नाव दिलंय. सोसायटी काढणाऱ्या माणसाच्या नावानं गाव, हे आम्हाला फार मोठं वाटलं.

मुलं शिकली, शहरात गेली, वस्त्या ओस पडल्या. इथले लोक म्हणतात, आम्ही गहू पेरला आणि डॉक्टर उगवले.

ही झाडं ओळखीची वाटतील. बकाण नींब. वसाहतवाल्यांनी घराभोवती सावलीला लावलेली, घर गेलं तरी झाडांची रांग तशीच उभी असते आणि घर कुठं होतं ते त्या रांगेवरूनच कळतं.

आजी खिडक्या लावतायत.