साथीचं बिल आधी कोण भरतं?

नमस्कार श्रोतेहो.

गावात साथ आली की लोक मंत्रालयात फोन लावत नाहीत, सरपंचाला लावतात. शहरात नगरसेवकाला. ब्लिचिंग पावडर, धुरळणी, पाण्याचे नमुने, जादा सफाई कामगार, सगळं त्याच आठवड्यात उभं करायचं असतं आणि बिलं निघतात ग्रामपंचायतीच्या नाहीतर पालिकेच्या नावावर. राज्य सरकार ते पैसे परत करतं का? कधी करतं, कधी थोडे करतं.

आपला साथरोग कायदा 1897चा. आदल्या वर्षी मुंबईत प्लेग शिरला, त्या धास्तीत घाईनं केलेला. पुण्यात तो रँडच्या जुलमामुळे लक्षात राहिला, पण त्याच्या दुसऱ्या कलमातली पैशाची ओळ कोणाच्या लक्षात नाही. साथीचा खर्च कोणी आणि कसा सोसायचा, हे ठरवायचा अधिकार ती ओळ सरकारला देते. अधिकार दिला, पण अमुक दिवसांत पैसे द्या असं बंधन काही घातलं नाही.

कोविडमध्ये काय झालं? 14 मार्च 2020ला केंद्रानं राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून खर्चाला मुभा दिली. आपल्यासारख्या राज्यात या निधीत केंद्राचे 75 टक्के आणि राज्याचे 25. विलगीकरण, तिथलं जेवण, तपासण्या त्यात बसत होत्या. मर्यादा आधी वार्षिक निधीच्या 35 टक्के होती, सप्टेंबरात ती 50 झाली. पण तिजोरीची किल्ली राज्याकडे. पालिकेनं मागणी पाठवायची, बिलं जोडायची, पैसे ठरल्या कामालाच लागले असं उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं आणि वाट बघायची. रात्रीतून शाळेत खाटा टाकताना तीन दरपत्रकं कोण मागवणार? लेखापरीक्षक मात्र ती मागतो, आणि त्याचंही चुकत नाही.

केंद्राच्या करातला वाटा कोणाला किती हे सुचवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगानं 2021 ते 2026साठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर 70,051 कोटी रुपये सुचवले. रक्कम डोळ्यांत भरणारी, पण ती उपकेंद्रं, दवाखाने, तपासण्यांच्या सोयी अशा ठरलेल्या कामांची. अचानक आलेल्या साथीची उसनवारी त्यातून फिटत नाही.

मला खटकतं ते वेगळंच. 2017मध्ये जीएसटी आला, मुंबईची जकात आणि इतर महापालिकांचा एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर गेला, तेव्हा याच राज्यानं स्वतंत्र कायदा करून महापालिकांना भरपाईची हमी दिली. म्हणजे मनात आणलं तर जमतं! मग साथ जाहीर झाल्याबरोबर अंदाजित खर्चाचा निम्मा भाग आगाऊ, उरलेला बिलं तपासून ठरावीक मुदतीत, असा नियम का नको? मुंबई महापालिका ठेवींवर काही महिने काढेल. छोट्या गावच्या क वर्ग नगरपरिषदेत त्याच महिन्यात सफाई कामगारांचा पगार अडतो, आणि साथीत नेमकी त्यांचीच गरज असते.

नमस्कार.